हळद-कोकमाचा रंग का टिकत नाही, आणि कोकणात दोरा रंगवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरकडच्या एका ताईंनी भरतकामाचा पांढरा दोरा घरीच हळदीच्या आणि कोकमाच्या पाण्यात उकळून रंगवला. पहिल्याच धुण्यात कोकमाचा गुलाबी राखाडी झाला, आणि खिडकीपाशी ठेवलेल्या कामातली हळद आठवडाभरात विटली. एकाच दोऱ्यात फिक्या-गडद छटा हव्या होत्या, त्या आल्याच नाहीत. लड मात्र गुंतली. संध्याकाळी तास-दीड तास मन रमावं एवढाच हेतू आहे, तर काय चुकलं?

हात चुकला नाही, रंग निवडताना फसगत झाली. कोकमाचा लाल रंग आंबट पाण्यातच लाल राहतो. साबण किंवा सोडा लागला की तो निळसर-राखाडी होतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. सोलकढीचा डाग साबणाने चोळला की आधी काळपट होतो, तोच हा प्रकार. हळद सुती दोऱ्याला चटकन धरते, पण उन्हापुढे तिचं काही चालत नाही, शिवाय साबणाने ती लालसर होते. तुरटी, मीठ, व्हिनेगर काहीही घातलं तरी या दोन रंगांचा स्वभाव बदलत नाही. जास्वंद, गोकर्ण आणि बीट यांचीही तीच गत. फुलाचा किंवा फळाचा रंग पाण्यात जितका सहज उतरतो, तितकाच सहज तो दोऱ्यातूनही उतरतो, असं समजून चाला. टिकाऊ रंग बहुतेक साल, मूळ, टरफल किंवा खोडाच्या गाभ्यातून येतात, आणि ते कोकणात मुबलक आहेत.

दुसरी गोष्ट, रंगवणं आणि भरतकाम एकाच संध्याकाळी करू नका. रंगवायला दोन-तीन दिवस लागतात, त्यात बराच वेळ नुसतं थांबायचं असतं, आणि घाई केली की रंग डागाळतो. थंडीत एकदा सात-आठ रंगांचे दोरे करून ठेवले, तर पावसाळाभर बसून भरता येतं. कोकणात हे वेळापत्रक पाळण्यावाचून इलाज नाही. डिसेंबर ते मार्च हा रंगवण्याचा काळ. जून ते सप्टेंबर ओली लड दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि रंग धरावा म्हणून आधी हिरडा लावलेल्या ओल्या सुतावर बुरशी फार लवकर येते. बुरशीचे काळे ठिपके नंतर कशानेही जात नाहीत.

आता पाणी. याच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. जांभ्याच्या विहिरींचं पाणी साधारण मृदू असतं, पण काही विहिरींत लोह उतरलेलं असतं. ते चवीला जाणवत नाही, पण रंगात लगेच कळतं. काचेच्या पेल्यात विहिरीचं पाणी घ्या, त्यात चिमूटभर हिरडा पूड टाका आणि दहा मिनिटं थांबा. पाणी पिवळटच राहिलं तर निर्धास्त वापरा. करडं किंवा जांभळट झालं तर त्यात लोह आहे, आणि अशा पाण्यात स्वच्छ पिवळा किंवा लाल रंग येणारच नाही. मग पागोळ्यांचं पाणी वापरा. पहिले चार-दोन पाऊस पडून कौलं धुतली गेली की साठवायचं आणि झाकून ठेवायचं. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ते पाणी धुवायला चालेल, रंगाला नको.

मापं पन्नास ग्रॅम कोरड्या दोऱ्याची देतो आहे, छंदापुरता तेवढा भरपूर होतो. अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्याच, कारण चमच्याच्या मापाने हिराकस (रंग काळवंडवणारा लोहाचा क्षार) घातली तर दोरा वाया जातो. भांडं स्टेनलेस स्टीलचं, तीन-चार लिटरचं, आणि पुन्हा स्वयंपाकघरात न जाणारं. लोखंडी कढईने रंग काळवंडतो. ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्याने खाल्लं जातं.

आधी लड बांधणं, कारण गुंता इथेच होतो. लड खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळली तर एक वेढा साधारण ऐंशी-नव्वद सेंटिमीटरचा होतो. गुंडाळून झाल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना बांधा. मग वेढ्याला चार ठिकाणी पांढऱ्या सुताच्या तुकड्याने बंद घाला, पण नुसता फास नको. सूत लडीच्या अर्ध्या धाग्यांवरून आणि उरलेल्या अर्ध्यांखालून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवून गाठ मारायची. गाठ इतकी सैल हवी की तीत करंगळी जाईल. घट्ट बंदाखाली रंग शिरत नाही आणि तिथे पांढरे पट्टे राहतात. उकळताना लड ढवळायची नाही, काठीवर अडकवून वरखाली करायची. ढवळलेली लड म्हणजे पुढची संध्याकाळ गुंता सोडवण्यात.

मग धुलाई. बाजारचा पांढरा सहापदरी दोरा विरंजित असतो, तरी त्यावर मेण-तेलाचा हलका थर असतो. दोन लिटर पाण्यात पाच ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चार थेंब सौम्य द्रव साबण घालून दोरा अर्धा तास मंद उकळवा. विणकराकडचं कच्चं सूत असेल तर एक तास, आणि पाणी पिवळट-तपकिरी निघालं तर तेच पुन्हा. खाण्याचा सोडा यासाठी कामाचा नाही, तो फार सौम्य पडतो. झालं की नाही हे बघायला बोटभर दोरा कापून पेल्यातल्या पाण्यावर टाका. काही सेकंदांत बुडाला तर धुलाई झाली. तरंगत राहिला तर रंगही त्याच्या वरवरच राहील. रंग चट्ट्यापट्ट्यांचा येतो, त्याला बहुतेक वेळा हीच राहून गेलेली धुलाई कारण असते.

सुताला तुरटी थेट नीट धरत नाही. लोकर आणि रेशीम ती चटकन घेतात, सुताला मध्ये हिरड्याचा दुवा लागतो. दहा ग्रॅम हिरडा पूड लिटरभर कोमट पाण्यात कालवून फडक्यातून गाळा, त्यात ओली लड रात्रभर ठेवा, सकाळी पिळून न धुता उन्हात वाळवा. लडीला फिकट साय-पिवळा रंग येतो, तो यायलाच हवा. दुसऱ्या दिवशी साडेसात ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून दीड लिटर करा. एक ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या वाटीत विरघळवून हळूहळू ओता. फेस येईल, घाबरू नका, पण भांडं काठोकाठ भरलेलं नको. सोडा जास्त झाला तर पाणी दुधाळ होतं, म्हणजे तुरटी दोऱ्यावर बसण्याऐवजी तळाशी बसली. ते पाणी टाकून नव्याने करा. बरं जमलं असेल तर लड कोमट तुरटीच्या पाण्यात रात्रभर राहू द्या, हलकी विसळा, आणि जमल्यास एक दिवस सावलीत वाळवून मग रंगाला घ्या.

रंगांत पहिला मान काताला. चिपळूण-सावर्डे पट्ट्यात खैराचा कात बनतो, तो मिळवणं अवघड नाही. पानाचा शुद्ध कात फिका रंग देतो, काळपट कच्चा कात गडद. बारा ग्रॅम कात गरम पाण्यात विरघळवून गाळा, लड तासभर मंद आचेवर ठेवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. काताला स्वतःचा तुरटपणा असल्यामुळे हिरडा टाळला तरी चालतं. बाहेर काढल्यावर लगेच धुऊ नका. हवेवर टांगा, तासाभरात रंग गडद होत जातो. यानंतर विड्यात जे घडतं तेच करायचं. कात आणि चुना एकत्र आले की लाली येते. चुन्याची वरची स्वच्छ निवळी घ्या, तीत लडीचा एक भाग पाच मिनिटं बुडवा. मातकट तपकिरीचा जांभ्याच्या ताज्या चिऱ्यासारखा लालसर तपकिरी होतो. एकाच भांड्यातल्या कातातून तीन रंग निघतात: तसाच, निवळीचा, आणि हिराकशीचा ऑलिव्ह-करडा.

नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, फुकट मिळतात, म्हणून लोक त्यांना कमी लेखतात. ताज्या शहाळ्याची सोडणं बारीक तोडून दीडशे-दोनशे ग्रॅम घ्या, दोन दिवस भिजवा, तासभर उकळून गाळा. वाळूसारखा गुलाबीसर बदामी रंग येतो. तो भडक नाही, पण समुद्रकिनाऱ्याचं चित्र भरायला यापेक्षा बरा रंग विकत मिळत नाही. कच्च्या सुपारीच्या पाण्याचा लालसर तपकिरी, डाळिंबाच्या पंचवीस ग्रॅम सुक्या सालीचा खाकी-पिवळा, आणि कांद्याच्या सालीचा सोनेरी. यांतला शेवटचा उन्हात थोडा उतरतो, बाकीचे बरे.

लाल हवा तर मंजिष्ठा, म्हणजे त्या नावाच्या वेलीची मुळं. तीस-पस्तीस ग्रॅम भरड पूड रात्रभर भिजवा, लडीसह हळूहळू तापवा, आणि पाण्याला उकळी फुटू देऊ नका. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की आच कमी. खळाखळा उकळल्यास लालाचा विटकरी होतो. आणि इथे कोकणातलं मऊ पाणी आडवं येतं, कारण मंजिष्ठेला चुना हवा असतो. दोन लिटरला दोन चमचे चुन्याची निवळी घातली की नारिंगीकडे झुकणारा रंग लालाकडे वळतो. किनाऱ्यावर दिसणाऱ्या बारतोंडीच्या मुळांच्या सालीतही असाच लाल रंग असतो, जुन्या व्यापारात तो आल म्हणून ओळखला जाई. पण त्यासाठी झाड उपटावं लागतं, तेव्हा छंदासाठी तो नाद नको. कांदळाच्या सालीबद्दलही विचारणा होते. सुती जाळी होती त्या काळी ती कुजू नयेत म्हणून अशा तुरट सालींच्या काढ्यात बुडवत, हे खरं. पण कांदळवनांना आता कायद्याचं संरक्षण आहे, एक फांदीही तोडायची नाही.

निळ्यासाठी खरी नीळ लागते. पांढऱ्या कपड्यांना देतात ती दुकानातली नीळ ही नव्हे, तिने दोरा रंगत नाही. दहा ग्रॅम नीळ पूड, वीस ग्रॅम विझवलेला चुना आणि तीस ग्रॅम फ्रुक्टोज (फळांतली साखर) तीन लिटर गरम पाण्यात, हे एकास दोनास तीन प्रमाण पक्कं ध्यानात ठेवा. हळू ढवळून तासभर थांबलं की वर तांबूस चकाकी आणि खाली पिवळट-हिरवं पाणी दिसतं. पाणी निळंच राहिलं तर ते तयार नाही, थोडं गरम करून आणखी थांबा. लड ओली करून पाच मिनिटं बुडवा, पाण्याखालीच हलकी पिळा, मग वर काढा. हिरवी लड डोळ्यांदेखत निळी होते. वरून पाणी टपकू देऊ नका, प्रत्येक थेंबाबरोबर हवा आत जाते आणि पाणी मरतं. गडद निळा हवा तर एकदाच जास्त वेळ नाही, पाच-सहा छोट्या बुडव्या घ्या. निळीला हिरडा-तुरटी लागत नाही. चुन्यामुळे हातमोजे मात्र घालाच.

हिराकस एक ग्रॅम दीड लिटरला, दोन ते पाच मिनिटं, त्याहून नाही. लोहाने रंग सुंदर काळवंडतो, पण जास्त झालं की सूत आतून खाल्लं जातं, आणि वर्षा-दोन वर्षांत टाक्यातच तुटतं. लोहाचं भांडं, काठी आणि मोजे वेगळे ठेवा. त्याचा एक शिंतोडा पिवळ्या लडीवर पडला तर ती लड करडी समजा.

छटांचा दोरा का जमला नाही याचं उत्तर वेढ्याच्या लांबीत आहे. ऐंशी सेंटिमीटरच्या वेढ्याचं अर्धं बुडवलं तर चाळीस सेंटिमीटर गडद आणि चाळीस फिकं येतं. भरताना सुईत पंचेचाळीसेक सेंटिमीटरचा तुकडा ओवतो, म्हणजे एका तुकड्यात जवळजवळ एकच रंग. छटा असतात, पण कामात दिसत नाहीत. त्यासाठी पाटाच्या अरुंद बाजूभोवती किंवा जाड वहीभोवती गुंडाळून वेढा चाळीस सेंटिमीटरचा करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टाका कोणता घेणार हे आधी ठरवा. साखळी टाक्याला रेघेच्या साधारण तिप्पट दोरा लागतो, म्हणून दहा सेंटिमीटरचा रंगाचा पट्टा कामात तीन सेंटिमीटरभर उमटतो. साध्या धावदोऱ्यात तोच पट्टा आठ-नऊ सेंटिमीटर पसरतो. पाण्याच्या लाटेला लांब बदल हवा, शेवाळाला तुटक.

बुडवताना लड आधी पूर्ण ओली करून पिळून घ्या. कोरड्या सुतावर रंगाची कडक रेघ उमटते, ओल्यावर तो आपसूक पसरत कडा विरघळवतो. काठीवर लड टांगून खालचे पाच सेंटिमीटर रंगात सोडा, दर पाच मिनिटांनी काठी दोन सेंटिमीटर खाली आणा. पहिल्यांदा बुडालेला भाग सर्वांत गडद होतो. सूत पाणी वर ओढतं, त्यामुळे मनातल्या रेषेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आधीच थांबा.

रंगवून झालेली लड आधी साध्या पाण्यात, मग अगदी सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात, पाणी निवळेपर्यंत विसळा. वाळवताना सावलीत टांगून खाली एक लाकडी पळी अडकवा, म्हणजे पीळ पडत नाही. प्रत्येक रंगाचा अर्धा हात तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून अर्धा भाग जाड कागदाने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत पंधरा दिवस ठेवा. झाकलेल्या आणि उघड्या भागात फरक दिसला तर तो रंग भिंतीवरच्या कामात वापरायचा नाही. पुठ्ठ्यावर वजन, मापं, तारीख लिहा. मागचा रंग पुन्हा हवा असतो तेव्हा हाच कागद कामी येतो.

इतकं लांबण नको असेल तर कोल्ड ब्रँड रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे न उकळता सुताला धरणारे तयार रासायनिक रंग, आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. सूत लिटरला साठ ग्रॅम सोडा ॲशच्या (कोरड्या धुण्याच्या सोड्याच्या) पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून पिळा, प्लास्टिकवर पसरून ब्रशने किंवा ड्रॉपरने रंग सोडा, गुंडाळून चोवीस तास ठेवा. कोकणातली नेहमीची उष्णता त्याला पुरते. भुकटी मिसळताना मास्क घाला आणि पंखा बंद ठेवा, ती श्वासात गेली तर त्रास होतो. रंगाच्या वाटीतच सोडा ॲश मिसळला तर रंग तासा-दोन तासांतच निष्क्रिय होत जातो, म्हणून लागेल तेवढाच कालवा.

भरायला कापड धुवट घ्या, जुन्या सुती साडीसारखं. नव्या कापडाची खळ आधी काढली नाही, तर धुतल्यावर कापड आटतं आणि भरलेली जागा फुगते. पहिलं काम पंधरा सेंटिमीटरच्या रिंगेत मावेल एवढंच ठेवा, आणि विषय अंगणातलाच घ्या: गडग्यातला, म्हणजे दगडी कुंपणातला, एक चिरा. कातातल्या लालसर तपकिरीचे दोन पदर घेऊन साखळी टाक्याच्या आडव्या ओळी घाला. ओळी सरळ नकोत, कारण चिरा कधी सरळ नसतो. मध्ये फटी सोडा. जांभ्यात भोकं असतात, ती हिराकशीच्या करड्या दोऱ्याच्या गाठी टाक्यांनी भरा. सुईला दोनदाच वेढा द्यायचा, तीन वेढ्यांची गाठ लोंबते. वरच्या कडेला शेवाळ करा: निळीत बुडवलेल्या डाळिंबाच्या पिवळ्यातून हिरवा निघतो, त्याचा एकच पदर घेऊन अगदी छोटे, विस्कटलेले टाके, दोन ते तीन मिलिमीटरचे. खालची जमीन सोडणाच्या बदामी दोऱ्याने धावदोऱ्यात, गोधडी घालतात तशी. छटांचा दोरा एका पदराने भरलात तर छटा तुटक दिसतात, तीन पदरांनी भरल्यास सलग.

दोरा रिळातून पूर्ण सहापदरी ओढून सुईत ओवू नका. एकेक पदर वेगळा काढून, हवे तेवढे पुन्हा एकत्र करा. हाताने रंगवलेला दोरा जरा खरखरीत होतो, तो एकसंध ओवला की टाक्यात पीळ पडतो. गडद निळा दोरा सुरुवातीला बोटांना लागतो. पांढऱ्या कापडावर वापरण्याआधी ओल्या फडक्यातून दोनदा ओढून घ्या.

पावसाळ्यात सुई कापडात खोचून ठेवू नका. खाऱ्या, दमट हवेने ती गंजते, आणि गंज हिरड्याच्या दोऱ्याला लागला की काळा ठिपका पडतो. जांभ्याच्या पाण्यातलं लोह रंग करडा करतं, तीच ही प्रक्रिया, फक्त नको तिथे. सुया टाल्कम पावडर टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत राहू द्या, रिंग लाकडी किंवा प्लास्टिकची घ्या आणि काम थांबवताना रिंग सैल करा. दोरे सुती पिशवीत, सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो आणि आठवड्याभरात वास येतो.

भिंतीवर लावताना चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांवर बूच कापून चिकटवा. जांभ्याची भिंत पावसात ओल धरते, आणि चौकट व भिंत यांत बोटभर हवा खेळती राहिली नाही तर मागच्या कापडावर श्रावणापर्यंत बुरशी दिसते.